देवीला जामीन कोण?

“पैलथडीचं एक माणूसही वेशीतून आत येता कामा नये!” महिपाल राजा दरबारात गरजला.

नदीपलीकडच्या पैलथडीत लढाई पेटली होती. घरंदारं जळालेली सत्तावीस कुटुंबं तीन दिवस वेशीबाहेरच्या वडाखाली उपाशी बसली होती.

“आळशी लोक, महाराज! बसून खातील,” प्रधान म्हणाले.

“आणि आपल्या लोकांची कामं पळवतील!” कोतवालाने जोड दिली.

“बसून खातील? तीन दिवस उपाशी बसलीत ती!” मागून आवाज आला.

तो सुभाना गोंधळी होता. युवराजांच्या लग्नाच्या गोंधळाचं विचारायला आला होता.

राजा तडकला. “एवढा पुळका? मग त्यांना जामीन राहील असं या नगरातलं एक घर शोध! उद्या दिवेलागणीपर्यंत मिळालं, तर वेस उघडीन. नाहीतर तूही बस जा वडाखाली!”

सुभाना दारोदार फिरला. “अरेरे, फार वाईट वाटतं हो!” म्हणत लोक दार लावून घेत. एका बाईने तेवढ्या भाकऱ्या बांधून दिल्या. “पण माझं नाव सांगू नका हं!”

दुसऱ्या दिवशी वाड्याच्या चौकात पाच ऊस उभे राहिले, मध्ये कलश मांडला. गोंधळात कुळाच्या देवीला तिच्या गावाहून बोलवायचं असतं. ती आल्याशिवाय लग्न पुरं होत नाही. सुभानाने राजाच्या रेणाईला हाक घातली, आणि संबळ एकदम थांबवलं.

“काय झालं?” राजाने विचारलं.

“देवी वेशीवर अडली, महाराज. पहारेकऱ्याने गाव विचारलं. ती म्हणाली, पैलथडी.”

राजाचे पूर्वज अकरा पिढ्यांमागे अशाच एका लढाईतून पळून, देवीचा टाक गाठोड्यात बांधून नदी उतरले होते. हे सगळ्यांना ठाऊक होतं. फक्त आठवत कुणाला नव्हतं.

“पहारेकरी म्हणतो, जामीन आण.”

“अहो, गोंधळ अर्धा राहिला तर सुनेला घरात कसं घ्यायचं?” राणीसाहेब रडकुंडीला आल्या.

“मी जामीन!” राजा ताडकन उठला. “माझ्या कुळाची आई आहे ती!”

“एकटी येत नाही म्हणते. लेकरं बरोबर आहेत.”

“येऊ देत की! तिची लेकरं ती आमचीच. त्यांनाही मीच जामीन! किती आहेत?”

“सत्तावीस घरं, महाराज. वडाखाली बसलीत.” सुभानाने दिवटी उंच धरली. “आणि दिवेलागण अजून व्हायचीय!”

“महाराज, हा लबाडी करतोय!” प्रधान ओरडले.

“प्रधानजी, पुढच्या मंगळवारी गोंधळ तुमच्याकडे आहे. तुमची देवी कुठून बोलवू?”

प्रधानांनी पगडी सारखी केली. “पैलथडीच्या… जरा पलीकडून.”

राजा हसत सुटला. इतका, की कलशावरचा नारळ हलला! त्याने कोतवालाच्या कमरेची वेशीची किल्ली काढली आणि सुभानाच्या परडीत टाकली.

“आजपासून ही तुझी, वर पाच बिघे जमीन! आधी त्या लेकरांना पानावर बसव. आणि सुभाना, मंगळवारी प्रधानजींच्या देवीला मात्र नीट चौकशी करून आत घे हो!”