यंत्राखालची फळी

ही गोष्ट खरं तर मी सांगायची नव्हती. घरातलं घरात राहावं, असं मला बजावलं आहे.

एका घराच्या गॅरेजमध्ये सागाची एक रुंद फळी भिंतीला टेकून उभी होती. घरमालक तिच्यावरून हात फिरवून मुलीला म्हणायचा, "हिचं तुला अभ्यासाचं टेबल करणार." त्या शब्दावर फळी जगत होती. रंधा आणि पटाशी तिला चिडवायचे, "काय टेबलबाई, निघाला का मुहूर्त?"

मग घरात सीएनसी राउटर आला. संगणकावर आकार काढून द्यायचा, की तो आपोआप लाकूड कापायचा. फळी हरखली. "आता माझं सोनं होणार!"

पण राउटरने आधी स्वतःसाठी लाकडी चौथरा कापला, मग स्वतःच्या वायरींसाठी पेटी. मुलगी विचारायची, "बाबा, टेबल?" तो म्हणायचा, "आधी मशीन नीट बसू दे गं."

शेवटी एकदा त्याने फळी उचलली. रंधा गहिवरून म्हणाला, "जा बाई, सुखी राहा." मालकाने तिला राउटरखाली आडवं घालून स्क्रूंनी आवळलं. "पातं खोल गेलं तर मशीनला लागायला नको," तो मुलीला म्हणाला.

आता वर लोकांच्या नावाच्या पाट्या कोरल्या जातात आणि चरे फळीच्या अंगावर उमटतात.

"फार लागतं का गं?" पटाशीने हळूच विचारलं.

"लागण्याचं काही नाही," फळी म्हणाली, "पण ती मुलगी अजून दारात येऊन बघते. तिला कुणीतरी सांगा, की मी आता..."

"कस्तुरी! इकडे ये आधी, मशीनमध्ये भुसा जातोय!"

आले, बाबा.