बिनसावलीचा दरबार

एका राज्यात पक्षी बोलत असत आणि वडीलधारी माणसं ऐकत नसत. तिथे भद्रसेन नावाचा राजा होता.

त्या राज्याची एक रीत होती. आनंदाची बातमी पदरात पडेपर्यंत कुणाला सांगायची नाही, दृष्ट लागते. आणि बातमी आणणाऱ्याला उलट प्रश्न करायचा नाही, अपशकुन होतो. का, असं पोरांनी विचारलं तर मोठी माणसं डोळे वटारत. कारण त्यांनाही ठाऊक नव्हतं.

एके सकाळी सोन्याच्या चोचीची साळुंकी राजाच्या सज्ज्यावर येऊन बसली.

"राजा, पाताळातल्या सोडतीत मोहरांचा सातवा हंडा तुला लागला. दार उघडायला तुझी सावली दे. कुठे वाच्यता करू नकोस."

राजाने सावली सोलून दिली. हंडा आला नाही, साळुंकीच आली.

"दारावरचा नाग जागा आहे. त्याला निजवायला तुझी झोप दे."

राजाने झोपही दिली.

ही साळुंकी धूम्राक्ष मांत्रिकाची होती. पाताळात सोडत नव्हती, हंडाही नव्हता. नाग होता, पण तो कधीच कुणाला अडवत नसे.

राजकन्या इरावती आश्रमातली विद्या अर्ध्यावर टाकून परत आलेली, त्यामुळे राजवाड्यात तिचं बोलणं कुणी मनावर घेत नसे. बाप रात्रभर येरझाऱ्या घालतो हे तिलाच दिसलं. तो पडेल म्हणून ती मागेमागे फिरे. तिचेही डोळे आता चुरचुरत होते.

"तात, तुमची सावली कुठंय?"

"आज ढगाळ आहे."

बाहेर ऊन रखरखत होतं. तिने पुन्हा विचारलं, मग पुन्हा. अखेर थकून राजाने सगळं सांगितलं. एकच गोष्ट द्यायची उरली होती. आज सूर्यास्ताला नाव दिलं की हंडा दारात.

सिंहासन राजाला नावाने ओळखत असे. नाव ज्याच्या हाती, राज्य त्याचं.

"तुम्ही त्या सोडतीत कधी उतरला होतात?"

"असं विचारू नये, इरे."

"विचारलं. सांगा."

"दोन गोष्टी देऊन बसलोय मी. आता थांबलो तर त्या फुकट गेल्या."

इरावती भिंतीला टेकली. मग तिला आठवलं, हल्ली दरबार पडदे लावूनच भरतो. सेनापती कवायत मांडवात घेतो. राजपुरोहित सोमशर्मा छत्रीखालून बाहेर येत नाही.

तिसऱ्या प्रहरी ती भरल्या दरबारात शिरली आणि पश्चिमेचे पडदे ओढून काढले. ऊन आत आलं. खांबांच्या सावल्या पडल्या, समयांच्या पडल्या. माणसांपैकी एकट्या इरावतीची पडली.

"आश्रम अर्धा टाकून आलेल्या पोरीने आम्हाला शिकवू नये," सोमशर्मा म्हणाला.

"माझी सावली तरी अख्खी आहे, काका. तुम्हाला कितवा हंडा लागलाय?"

पुरोहित छताकडे बघू लागला. सेनापती घसा खाकरून म्हणाला, "मला सातवा."

"सातवा माझा आहे," पुरोहित म्हणाला.

"तुमचा कसा? माझा," राजा म्हणाला.

आणि पांढऱ्या मिशांची ती सगळी माणसं भांडू लागली. हंडा कुणाचा, यावर भांडण. मुळात हंडा आहे का, असं एकानेही विचारलं नाही. इरावती पायरीवर बसली. ओरडायची ताकद तिच्यात उरली नव्हती.

"सगळ्यांना सातवाच कसा लागला, तात?" ती हळूच म्हणाली. "आता तुम्हीच विचारा त्या साळुंकीला. फसवलंय तुम्हाला, प्रश्नही तुमचाच हवा."

सूर्य डोंगराला टेकला. साळुंकी सज्ज्यावर उतरली.

"राजा, नाव दे. उशीर झाला तर हंडा दुसऱ्याला जाईल."

राजाने सोमशर्म्याकडे पाहिलं, सेनापतीकडे पाहिलं. मग पायरीवरच्या लेकीकडे.

"साळुंके, मी सोडतीत कधी उतरलो होतो?"

साळुंकीने चोच उघडली आणि ती तशीच राहिली. धूम्राक्षाने तिच्या पोटात आमिषं भरली होती, उत्तर एकही भरलं नव्हतं. सोन्याची चोच गळून फरशीवर पडली. ती पितळेची होती, आतून पोकळ. खालून साधी पिवळी चोच निघाली, आणि साळुंकी साध्या साळुंकीसारखी ओरडत उडून गेली.

दूर गुहेत धूम्राक्षाची गाठोडी आपोआप सुटली. सावल्या सरपटत घरी निघाल्या, झोपा मागोमाग. दुसऱ्यांच्या झोपांवर जगलेला तो मांत्रिक जागच्या जागी राख झाला.

तेव्हापासून त्या राज्यात आनंदाची बातमी भर उन्हात, चारचौघांत सांगतात आणि आणणाऱ्याला आधी प्रश्न विचारतात. आपल्याला पहिल्यापासून संशय होता, असं सोमशर्मा अजूनही सांगतो.

राजा त्या संध्याकाळी सिंहासनावरच घोरू लागला. त्याची परत आलेली सावली पायऱ्यांवर लांब पसरली होती. इरावती सरकून तिच्यात बसली आणि तिचेही डोळे मिटले.