खडूची रेघ

पूर्वी कधीतरी, डोंगरांनी वेढलेल्या एका राज्यात ही गोष्ट घडली. त्या काळी फटफटी कुठून आली, असं विचारणाऱ्या शहाण्यांनी पुढे ऐकू नये. त्या राज्यात फटफटी होती, आणि ती एकच होती.

तिच्यावरून एक मुलगी दर आठवड्याला वैद्यांची औषधं घेऊन घाटापलीकडच्या गावांना जायची. घाट मोठा वाईट. एका अंगाला कडा, दुसऱ्या अंगाला दरी.

मुलीचा मामा राज्यातला नामांकित जोडारी होता. तुटलेला, फुटलेला कुठलाही धातू तो वेल्डिंग करून सांधून द्यायचा. ‘हे माझ्याच्याने होणार नाही’ असं त्याच्या तोंडून कुणी कधी ऐकलं नव्हतं, आणि याची त्याला चांगलीच मिजास होती.

एकदा घाटात दगड उडाला आणि इंजिनाच्या अ‍ॅल्युमिनियमच्या कवचाला बोटभर तडा गेला. भाची गाडी ढकलत मामाच्या दारात आली.

“मामा, परवा निघायचंय. होईल ना?”

“न व्हायला काय झालं?” मामा म्हणाला.

आता तड्याचं असं असतं, की तो दिसतो त्याहून लांब असतो. म्हणून जोडारी आधी त्याला रॉकेल लावतात, पुसतात, आणि वरून खडू फिरवतात. आत मुरलेलं रॉकेल खडूवर ओली रेघ काढतं. रेघ संपते तिथे तडा संपतो. तिथे बारीक भोक पाडलं की तडा पुढे सरकत नाही. मग वेल्डिंग.

मामाने खडू फिरवला. रेघ उमटली, बोटभर झाली, आणि थांबेचना. ती सरकत सरकत बेअरिंग बसतं त्या जागेकडे निघाली. तडा तिथवर गेला असेल तर हे कवच कुणालाच सांधता येणार नव्हतं. भाचीला तसं सांगावं लागणार होतं, मग ते गावभर होणार होतं.

रेघ पुरी व्हायच्या आत मामाने फडक्याने खडू पुसून टाकला.

मग त्याने कवच तापवलं. लोखंड तापलं की लाल होऊन सांगतं. अ‍ॅल्युमिनियम काहीच सांगत नाही, एकदम वितळून बसतं. म्हणून त्याने वर साबण घासला, साबण काळा पडल्यावर वेल्डिंग केलं. दिसणारा बोटभर तडा असा सुबक सांधला, की बघणाऱ्याने वाहवा करावी.

त्या राज्यात एक रीत होती. ज्याने सांधलं, त्याने पहिली फेरी मागे बसून करायची. दोन रात्री मामाचा डोळ्याला डोळा लागला नाही. निघायच्या दिवशी सकाळी त्याचे पाय लटपटत होते.

ते पाहून भाची हसली. “मामा, तुमचे गुडघे दुखतायत. राहू द्या. तुमच्या कामाची परीक्षा मी घेणार होय?”

“बरं,” मामा म्हणाला. त्याला एकदम हायसं वाटलं, आणि त्या हायसं वाटण्याचीच त्याला भयंकर भीती वाटली. तरी तो बाजूला सरकला. फटफटी निघून गेली.

गाडी उभी होती तिथे जमिनीवर तेलाचा ताजा डाग होता.

मामा धावत सुटला. भाची वाटेतल्या दोन वाड्यांवर औषधं देऊन माथ्यावर येणार होती. तिथून पुढे सगळा उतार. तो पायवाटेने सरळ चढत होता. दूर कुठेतरी फटफट ऐकू यायची, मध्येच थांबायची. थांबली की त्याचं काळीज बंद पडायचं. “देवा, चालू राहू दे,” तो म्हणायचा, आणि चालू झाली की म्हणायचा, “देवा, थांबव तिला!”

माथ्यावर पोचून तो हात पसरून रस्त्यात उभा राहिला. भाचीने ब्रेक दाबला. मागचं चाक तेलाने माखलेलं होतं. गाडी घसरत दरीकडे गेली. मामाने झडप घालून भाचीच्या खांद्यावरच्या औषधांच्या पिशवीचा पट्टा पकडला. पट्ट्याबरोबर भाची अलीकडे आली, फटफटी पलीकडे गेली. खालून बराच वेळ आवाज येत राहिला.

मामा रस्त्यातच बसून रडला आणि सगळं सांगून मोकळा झाला.

“मामा, त्या तड्याची एवढी भीती वाटली तुम्हाला?”

“तड्याची नाही गं,” मामा म्हणाला. “खडूची.”

राज्यात दुसरी फटफटी यायला दीड वर्ष लागलं. तोवर औषधांची पिशवी मामाने पाठीवर वाहिली, दर आठवड्याला, त्याच दुखऱ्या गुडघ्यांनी.

तात्पर्य : जे पाहायची भीती वाटते तेच आधी पाहून घ्यावं, आपण डोळे मिटले म्हणून तडा थांबत नाही.