राखेची वाटी

एका राज्यात सुमेध नावाचा राजा होता आणि रेवा नावाची राणी होती. त्या राज्याची एक रीत होती. कुणाकडून भरलेली वाटी आली, तर ती रिकामी परत जात नसे. घरात काही नसेल तर गुळाचा खडा, तोही नसेल तर तुळशीची मंजिरी, पण वाटीत काहीतरी पडेच. राजाही या रीतीला चुकत नसे. राणी रोज सकाळी त्याला आपल्या हातची पेज देई, आणि वाटी परत करताना राजा तिच्यात चाफ्याचं फूल ठेवी. चाफा फुलला नसेल तर बोटातली अंगठी ठेवी, आणि संध्याकाळी ती खुशाल परत मागून घेई.

"महाराज, ही कुठली रीत?" राणी लटक्या रागाने विचारी.

"होडीवाले, ही राजाची रीत," राजा म्हणे.

होडीवाली हे तिचं लाडकं नाव. रेवा नावाड्याची लेक होती. तरुण सुमेध पहिल्यांदा तिच्या होडीत बसला, तेव्हा भीतीने त्याने दोन्ही बाजूंच्या कडा घट्ट धरल्या होत्या, आणि ती हसून म्हणाली होती, "हलू नका, होडी हलते." पुढे भर दरबारात राजाचा राग अनावर झाला, की पडद्याआडून राणी तेवढंच म्हणे. राजाला हसू फुटे, आणि एखाद्या बापड्याची मान वाचे. काय सुखाचे दिवस होते ते!

मग भस्मकेतू मांत्रिक आला. त्याने दक्षिणा म्हणून राजाची सगळ्यांत सुखाची आठवण मागितली. राजा म्हणाला, "राज्य मागा, देतो. ती होडी मिळायची नाही." भस्मकेतूने मूठभर राख फुंकली आणि म्हणाला, "मग तुझ्या आठवणींची राख होईल. ज्या दिवशी स्वतःचं नाव विसरशील, त्या दिवशी दगड होशील."

राजा आधी हत्तींची नावं विसरला, मग प्रधानांची. विसरण्यातही हत्तींचा मान आधी लागला, याचं प्रधानांना फार वाईट वाटलं. एका सकाळी मात्र राजाने पेज संपवली आणि वाटी रिकामीच राणीच्या हातात ठेवली.

"महाराज, काही विसरलात?"

राजा नम्रपणे म्हणाला, "आपण कोण, बाई?"

त्या दिवसापासून राणी पेज दासीच्या हाती पाठवू लागली. ती रिकामी वाटी आपल्या हाताने घेणं तिला सोसवेना.

एका दुपारी राजा झोपला असताना खिडकीत एक साळुंकी येऊन बसली आणि म्हणाली, "राणीसाहेब, महाराजांना आता स्वतःच्या नावातलं फक्त पहिलं अक्षर आठवतं."

"उपाय सांग."

"त्यांच्या डोक्यात जावं लागेल. तिथे तीन कामं पडतील. पहिली दोन कष्टाची, तिसरं लाजेचं."

"मी नावाड्याची लेक. कष्टाला भीत नाही."

"आणि लाजेला?"

राणीने निजलेल्या राजाकडे पाहिलं आणि मान पुढे केली. साळुंकीने तिच्या माथ्यावरून पंख फिरवला, राणी खसखशीच्या दाण्याएवढी झाली, आणि दोघी राजाच्या उजव्या कानातून आत गेल्या.

आत एक नगर होतं. तिथे हाकारे राहत आणि त्यांना लागून शेजारणी राहत. आताचे वैद्य हाकाऱ्यांना चेतापेशी म्हणतात आणि शेजारणींना आधारपेशी. तिथे मात्र त्यांना कुणी तसं म्हणत नसे. एका हाकाऱ्याने गच्चीवरून हाक द्यावी, दुसऱ्याने झेलून पुढे द्यावी, आणि त्या हाकांतून राजाला सारं आठवावं, अशी व्यवस्था होती. हाकारा आणि शेजारीण यांच्या भिंतीत खिडकी असे, आणि तिच्यातून दिवसभर वाट्यांची ये-जा चाले. आज मात्र सगळ्या खिडक्या बंद होत्या. नगरात कुणी हाक देत नव्हतं.

"होडीचा हाकारा त्या टोकाला राहतो," साळुंकी म्हणाली. "पण वाट मिठाने अडली आहे."

हाक दिली की हाकाऱ्याच्या तोंडून मीठ सांडे. पूर्वी शेजारणी ते झाडून नेत, त्याचा जहालपणा काढत आणि वाटीत घालून परत देत. त्याच मिठातून पुढची हाक घडे. आता ते गल्लीत साचून जाळत होतं. राणीने पदर खोचला आणि मीठ झाडत वाट काढली. हात पोळले. हे पहिलं काम झालं.

हाकारा उंबऱ्यावर पडला होता. उपासाने त्याचा आवाज गेला होता. शेजारच्या घरात तारकाबाई राहत. त्यांना अनेक हात होते. काही नगरातल्या लाल नदीत बुडालेले, काही बंद खिडकीशी थांबलेले. नदीतून गोडवा काढून त्या आंबटगोड सार करत. सार तयार होतं, पण वाढायला घरात एक वाटी नव्हती. राणीने ओंजळीत सार घेतलं आणि थेंबही न सांडता हाकाऱ्याला पाजलं. लहानपणी गळक्या होडीतलं पाणी तिने अशाच ओंजळीने उपसलं होतं. हे दुसरं काम झालं.

हाकारा बोलू लागला. त्याच्या मागे वाट्यांचा ढीग होता.

"या परत का दिल्या नाहीत?" राणीने विचारलं.

"बाईसाहेब, शाप लागला आणि घरात राखेवाचून काही उरलं नाही. रिकामी वाटी देऊ कशी? आणि शेजारणीच्या हातात राख ठेवू कशी? म्हणून खिडकीच लावून घेतली."

राणी तारकाबाईंकडे गेली. "तुम्ही वाट्या मागितल्या का नाहीत?"

"इश्श! दिलेली वाटी कुणी मागतं का?" तारकाबाई म्हणाल्या.

दोघंही सभ्य, आणि त्या सभ्यपणापायी सारं नगर उपाशी!

राणी परत आली. तिने एक वाटी राखेने भरली आणि खिडकीशी उभी राहिली, पण तिचा हात उचलेना. कुणाच्या पुढ्यात राख ठेवणं म्हणजे त्या राज्यात वाटोळं चिंतणं. तिला दासीच्या हाती पाठवलेली पेज आठवली. आपणही खिडकीच लावून घेतली की, असं तिच्या मनात आलं, आणि तिला रडू कोसळलं. डोळे पुसून तिने खिडकी उघडली आणि वाटी पुढे केली.

"तारकाबाई, आमच्याकडे एवढंच आहे."

तारकाबाईंचे सगळे हात एकदम पुढे आले. "अगं, हीच तर हवी होती! यांच्या घरी जळण फार, मग राख व्हायचीच. यांचे विझलेले निखारे मी घ्यायचे, चाळायचे, कामाचं ते ठेवून घ्यायचं, आणि माझ्या चुलीतला पेटता निखारा वाटीत घालून द्यायचा. माझी आईही हेच करायची. किती दिवसांनी वाटी आली गं!"

तारकाबाईंनी निखारा वाटीत ठेवला. हाकाऱ्याची चूल पेटली. राख आनंदाने घेतली गेली, आणि तिच्यात शाप म्हणून काही उरलं नाही. एकामागून एक खिडक्या उघडल्या, वाट्या हलू लागल्या, आणि हाकारा गच्चीवर चढून ओरडला, "होडी आली!" पुढच्या गच्चीने ती हाक झेलली. मग साळुंकीने राणीला कानातून बाहेर आणलं आणि पंख फिरवून पुन्हा मोठं केलं.

भस्मकेतूचं काय झालं? त्याच्या राखेला पुढे कुणी भ्यालं नाही. बायका भांडी घासायला मूठभर मागून नेत, आणि तो मुकाट्याने देई.

दुसऱ्या सकाळी राणी स्वतः पेज घेऊन गेली. राजाने ती खाल्ली. मग तो वाटीकडे बघत राहिला. चाफा फुलला नव्हता, अंगठी खजिनदाराने केव्हाच जपून ठेवली होती. राजाने इकडे तिकडे पाहिलं, धुपाटण्यातली चिमूटभर राख उचलली, वाटीत घातली आणि वाटी राणीच्या हातात दिली. घेताना वाटी हलली.

"आज एवढंच आहे, होडीवाले," राजा म्हणाला. "हलू नकोस. सांडेल."

जशी त्यांची वाटी भरून आली, तशी ऐकणाऱ्यांची भरून येवो.