मोहोर जहागीरदारांची

गोदेकाठच्या एका गावात भिवरा नावाची झारेकरीण होती. नदीची वाळू धुवायची आणि लोकांनी पाण्यात सोडलेलं जे नाणं हाती लागेल त्यावर पोट भरायचं, हा तिच्या घराण्याचा धंदा. लेकीच्या लग्नासाठी तिनं अशीच सापडलेली चांदीची नाणी राखून ठेवली, त्यांना कड्या जोडल्या आणि झकास माळ ओवली.

ती माळ घालून नवरी भिवरासोबत घाटावर देवदर्शनाला आली, आणि नेमके तिथेच बापूसाहेब जहागीरदार उभे. त्यांची नजर माळेवर गेली. ग्रहणाचं दान नदीत सोडण्याआधी प्रत्येक नाण्यावर आपली मोहोर ठोकून घ्यायची त्यांना भारी हौस. दिलं कुणी, ते देवालाही कळायला हवं ना!

"ही तर माझी नाणी! चोरट्या कुठल्या! काढा ती माळ, आणि टाका मायलेकींना कोठडीत!"

शिपायानं पोरीच्या गळ्याकडे हात नेला. तशी भिवरा लेकीच्या पुढ्यात येऊन उभी राहिली.

"सरकार, मोहोर तुमचीच. नाही कोण म्हणतं? पण ही नाणी पाण्यात सोडताना भटजींनी तुमच्याकडून काय म्हणवून घेतलं होतं?"

जहागीरदारांशेजारी उभे असलेले भटजी सवयीनं बोलून गेले, "न मम. म्हणजे, हे माझं नाही."

"मग सरकार," भिवरा म्हणाली, "तेव्हा गोदामाईपुढे खोटं बोललात, की आत्ता आमच्यापुढे?"

शिपायाचा हात आपसूक खाली आला.

पुढच्या ग्रहणाला बापूसाहेबांनी नाणी सोडली, ती बिनमोहोरेची.