पुसलेली रेघ

घाटाच्या पायथ्याशी एक बाजारगाव होते. तिथे दिगंबर वेल्हाळ नावाचा एक माणूस औषधांचे दुकान चालवत असे. दुकानावर त्याचे घर चाले, पण जीव मात्र डोंगरांत गुंतलेला होता. गुरुवारी दुकान बंद असे. त्या दिवशी तो कॅमेरा आणि तिपाई पाठीवर घेऊन पहाटेच घर सोडायचा. लग्नकार्याचे फोटो त्याने कधी काढले नाहीत. उतरत्या उन्हात तांबूस होणारे कडे, दरीतून वर चढणारे धुके, पाऊस उघडल्यावरची धुतलेली हवा, एवढेच त्याला हवे असे. मनासारखा उजेड येईपर्यंत तो एखाद्या दगडावर मुकाट बसून राही. उजेड आला नाही तर फोटो न काढताच घरी परते. त्याचे त्याला वाईट वाटत नसे.

त्याची सर्वांत आवडती जागा म्हणजे एक उघडे पठार. पठाराच्या काठावर उभे राहिले की दरीपलीकडे मोरदेवाचा डोंगर पायापासून माथ्यापर्यंत दिसे. डोंगराच्या कुशीत येडग्यांची वाडी होती. मोजकीच कौलारू घरे, पुढे सारवलेली अंगणे, मागे म्हशींचे गोठे. गोठ्यांमागे लगेच दाट झाडी सुरू होई. वाडीतली माणसे दूध-तूप विकून जगत.

फोटो काढून झाले की दिगंबर दरी उतरून वाडीत जाई. जाताना तापाच्या आणि खोकल्याच्या गोळ्या नेई आणि लागतील त्यांना फुकट देई. वाडीचा कारभारी बाबू येडगे आणि त्याची बायको ठकूबाई त्याला घरचाच समजत. ठकूबाई त्याला दादा म्हणे. जेवल्याशिवाय ती त्याला उठू देत नसे. असा हा दिगंबर मुळात भला माणूस होता. ही गोष्ट वाईट माणसाची नाही, हे आधीच सांगितलेले बरे.

एका वर्षी पावसाळा सरल्यावर त्याने पठारावरून मोरदेवाचा फोटो काढला. घरी येऊन तो संगणकावर मोठा करून पाहिला. वाडीच्या बऱ्याच वर, झाडीच्या टोकाला, डोंगराच्या अंगावर एक बारीक रेघ दिसत होती. कॅमेऱ्याच्या काचेवर केस चिकटला असेल असे त्याला वाटले. त्याने काच पुसली आणि पुढच्या गुरुवारी पुन्हा फोटो काढला. रेघ तिथेच होती.

वर्षभर तो फोटो काढत राहिला. रेघ लांबत गेली. दुसऱ्या पावसाळ्यानंतर ती रुंदही झाली. तिच्याखालची काही झाडे एका बाजूला कलली. दिगंबरला ते सगळे दिसत होते. तासन्‌तास एकाच डोंगराकडे पाहणाऱ्या माणसाला ते न दिसून कसे चालेल? डोंगराला भेग पडली आहे, हेही त्याच्या मनात एकदा येऊन गेले. पण त्याच सुमारास असा एक फोटो त्याच्या हाती लागला होता, की तसा त्याने आयुष्यात काढला नव्हता. वर सोनेरी माथा, मध्ये गर्द हिरवी झाडी, खाली वाडीतून निघणारा निळसर धूर. त्यात ती वाकडी भेग तेवढी खुपत होती. एखाद्या सुंदर चेहऱ्यावर जखमेचा व्रण असावा तशी.

दिगंबरने ती संगणकावर पुसून टाकली. कललेली झाडेही सरळ केली. काम चहा निवायच्या आत झाले.

तो फोटो त्याने जिल्ह्याच्या प्रदर्शनात पाठवला. त्याला पहिले बक्षीस मिळाले. वर्तमानपत्रात नाव छापून आले. दुकानात येणारी गिऱ्हाइके औषध घ्यायच्या आधी हात मिळवू लागली. दिगंबरने फोटोची मोठी प्रत काढली, तिला चौकट केली आणि वाडीला भेट द्यायला नेली.

त्या दिवशी वाडीतली माणसे बाबूच्या अंगणात जमलेली होती. कसली तरी मसलत चालू होती. दिगंबरने चौकट उघडली तशी सगळी भोवती गोळा झाली. आपली घरे, आपले गोठे, आपला डोंगर एवढा देखणा आहे हे त्यांना ठाऊक नव्हते. ठकूबाईने पदराने काच पुसली आणि आपले घर बोटाने दाखवले.

बाबू मात्र फोटोकडे बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "भाऊ, बरं झालं तुमी आलासा. आमच्यात एक वाद पडलाय. झऱ्याचं पानी गढूळ यायला लागलंय. वरनं कवातरी दगूड गडगडल्यागत आवाज येतोय. तरणी पोरं म्हनत्यात, पावसाळ्यापुरतं खाली माळावर ऱ्हायाला जाऊ. म्हातारी माणसं म्हनत्यात, गुरं घिऊन उघड्यावर कुठं मरायचं? आमाला हितनं रानामुळं वरचं कायबी दिसत न्हाई. तुमी समोरनं बगता. डोंगर बरा हाय न्हवं?"

सगळे दिगंबरकडे पाहू लागले.

खरे सांगायचे तर भेगेबद्दल सांगावे लागणार. मग ही भेग या फोटोत का नाही, हेही सांगावे लागणार. ज्या फोटोला बक्षीस मिळाले, जो आता ठकूबाई छातीशी धरून उभी आहे, तो खोटा आहे असे सगळ्यांसमोर म्हणावे लागणार. एवढा मोठा डोंगर, त्याला काय व्हायचे आहे, असे त्याने स्वतःलाच समजावले. आपण काही डोंगरांचे डॉक्टर नाही, असेही समजावले.

मग तो हसून म्हणाला, "डोंगराला काय होतंय? फोटोत बघा की, कसा भक्कम उभा आहे."

माणसे हसली. म्हाताऱ्यांना जोर चढला. तरणी पोरे गप्प झाली. बाबूने चौकट ओसरीवर लावली, आणि माळावर जायचा विषय तिथेच संपला.

पुढच्या श्रावणात पावसाने उसंत घेतली नाही. ओढे फुगले, घाटरस्ता दोनदा बंद पडला. एके दिवशी दुपारी ठकूबाई भिजतच दिगंबरच्या दुकानात आली. नातवाला ताप होता. बाबू त्याला घेऊन घरी बसला होता. दिगंबरने औषध काढून बाटलीवर खुणा केल्या आणि कितीदा द्यायचे ते तिला समजावू लागला. तेवढ्यात रस्त्यावर आरडाओरडा झाला. कुणीतरी पळत आले आणि म्हणाले, "मोरदेव खाली आला! वाडी गेली!"

ठकूबाईच्या हातात औषधाची बाटली होती. ती तिने नीट पिशवीत ठेवली. पिशवीची गाठ मारली. मग ती तिथेच खाली बसली.

दिगंबर माणसांबरोबर धावत गेला. वाडीच्या जागी चिखलाचा ढीग होता. त्यातून एका गोठ्याचा खांब वर आलेला होता. बाकी काहीच नव्हते. जी माणसे गुरे घेऊन दूर रानात गेली होती, तेवढी वाचली. बाबू आणि नातू दुसऱ्या दिवशी सापडले. बाबूने पोराला पोटाशी धरलेले होते.

वाचलेल्यांना बाजारगावातल्या शाळेत ठेवले. जिल्ह्याहून अधिकारी आले. डोंगराचे जुने फोटो कुणाकडे आहेत का, असे ते विचारत होते. लोकांनी दिगंबरचे नाव सांगितले.

दिगंबरकडे दोन्ही फोटो होते, पुसलेला आणि न पुसलेला. पुसलेला दिला असता तर कुणाला काही कळले नसते. बक्षीस मिळालेला तो फोटो सगळ्यांनी पाहिलेलाच होता. पण बाबूच्या हातातले पोर त्याच्या डोळ्यांसमोरून हलेना. त्याने न पुसलेले सगळे फोटो अधिकाऱ्यांसमोर ठेवले. अधिकारी ते एकापाठोपाठ एक पाहत गेले. मग त्यांनी विचारले, "हे आधी कुणाला दाखवलं होतं का?"

"नाही," दिगंबर म्हणाला.

तिथून उठून तो शाळेत गेला. ठकूबाई भिंतीला टेकून बसली होती. तो तिच्यासमोर जमिनीवर बसला आणि भेग कधी दिसली, ती का पुसली, सगळे त्याने सांगितले. ती न रडता ऐकत होती.

"तुमास्नी दिसलं हुतं, दादा?"

"हो."

"त्यांनी तुमाला समद्यांम्होरं इचारलं हुतं."

"हो."

ठकूबाई म्हणाली, "ठावं न्हाई म्हनला असता, तरीबी माणसं माळावर गेली असती."

ठकूबाईने तोंड भिंतीकडे फिरवले. ती त्याच्याशी पुन्हा बोलली नाही.

दिगंबर बक्षिसाची ढाल परत करायला जिल्ह्याला गेला. प्रदर्शनाचे प्रमुख म्हणाले, "अहो, एवढं काय मनाला लावून घेता? फोटोत थोडंफार सगळेच पुसतात." दिगंबरने ढाल टेबलावर ठेवली आणि तो निघून आला. गावात त्याच्या दुकानात लोक येत, औषध घेत आणि न बोलता जात. काहींनी येणेच सोडले. तो कुणाला दोष देत नसे.

कॅमेरा विकून टाकावा असे त्याला कितीदा तरी वाटले. पण त्याने तो विकला नाही. तो पुन्हा गुरुवारी बाहेर पडू लागला. आता तो सोनेरी उजेडाची वाट पाहत नसे. ज्या ज्या डोंगराखाली वस्ती आहे, त्याचा तो लख्ख दुपारी फोटो काढी. फोटो रूक्ष येत. त्यात दगड, झाडी आणि माती एवढेच असे.

दोन वर्षांनी, आषाढाच्या तोंडाला, त्याला पलीकडच्या खोऱ्यात एका डोंगरावर तशीच रेघ दिसली. तो तडक खाली उतरला. त्या वस्तीत त्याला कुणी ओळखत नव्हते. त्याने माणसे गोळा केली आणि फोटो दाखवला. माणसे म्हणाली, "आमच्या सात पिढ्या हितं गेल्या. तुमी कोन सांगनार?"

दिगंबरने मोरदेवाचे फोटो काढून त्यांच्यासमोर मांडले. वाडी कशी गेली ते सांगितले, आणि ती कुणामुळे गेली तेही सांगितले. ऐकणाऱ्या बाया उठून आत गेल्या. पुरुष त्याच्याकडे कसल्यातरी नजरेने पाहत राहिले. पण चारच दिवसांत सगळी वस्ती गुरेढोरे घेऊन खालच्या शिवारात गेली.

त्या पावसाळ्यात तो डोंगर पडला नाही.

उघड्यावर राहून लोकांचे फार हाल झाले. दोन म्हशी दगावल्या, धान्याला बुरशी आली. दिवाळीच्या सुमारास दिगंबर तिकडे गेला तेव्हा एक म्हातारा काठी आपटत त्याच्या अंगावर आला. "ह्यो बगा आला! उगाच आमास्नी पावसात काढलं ह्यानं! कुठं पडला तुमचा डोंगर?"

दिगंबर मान खाली घालून म्हणाला, "नाही पडला, आजोबा. बरं झालं."

डोंगरावरची रेघ अजून तिथेच होती. मग पुढचा पावसाळा वस्तीने कुठे काढायचा, हे विचारायला तो त्यांच्यातच बसला.

तात्पर्य: दुसऱ्याच्या जिवाशी गाठ असलेले सत्य आपल्याला दिसले, तर ते ओंगळ असले तरी आणि सांगताना आपली लाज गेली तरी वेळीच सांगावे; वेळ टळल्यावर दिलेली कबुली खरी असली तरी गेलेल्याला परत आणत नाही.