भाडं न घेणारं घर

एक होती अनसाक्का. राणीबिणी नव्हती हं, उगीच डोळे मोठे करू नका. साधी घोंगड्या विणणारी बाई. तिची एकुलती एक लेक, रेवती, दिली होती सात डोंगरांपलीकडे. तिचा निरोप आला, "आई, मला दिवस गेलेत. फार भीती वाटते गं. तू ये, म्हणजे मला धीर येईल." मग अनसाक्का घरी राहते होय? भाकऱ्या बांधल्या, पदर खोचला नि निघाली.

वाट लांबलचक, महिनोन्‌महिने चालायची. रोज नवा मुक्काम, आणि कनवटीला मोजकंच. पण बाई हुशार बरं का! गावात शिरली की आधी पाणवठा गाठायची. "बायांनो, स्वस्तात पाठ टेकायला कुठे मिळेल गं?" बायकांना सगळं ठाऊक असतं.

एका गावी त्यांनी देऊळ दाखवलं. जागा फुकट, पण तिथला दगडी नंदी रात्रभर घोरायचा. पुढच्या गावी धर्मशाळा मिळाली. तिथे कूस बदलली की खाट खिदळायची, गुदगुल्या व्हायच्या म्हणे तिला. हसा, हसा! तुम्हाला झोपवलं असतं तिथे, मग कळलं असतं.

मग लागलं रान. पाणवठा नाही, बाया नाहीत, विचारणार कुणाला? तर समोर एक घर, आणि दारात म्हातारेसे बाबा. म्हणाले, "या. भाडं नाही, काही नाही." गरम गरम पिठलं-भात वाढला, मऊ अंथरूण घातलं. फुकट ते फुकट, वर मऊ! सकाळी अनसाक्का पाया पडली. "येते हं, बाबा." बाबा म्हणाले, "या."

दिवसभर चालली. संध्याकाळी बघते तर काय, पुन्हा तेच घर! वाटलं, रस्ता चुकला. दुसऱ्या दिवशी "येते बाबा", "या", आणि संध्याकाळी तेच दार. तिसऱ्या दिवशीही तेच. मग मात्र तिचा धीर सुटला. उंबऱ्यावर बसून हमसून हमसून रडली. "का हो असं करता, बाबा? माझ्या लेकीचे दिवस भरत आले. मी नाही पोचले तर तिने कुणाकडे बघायचं?"

बाबा अगदी कानकोंडे झाले. "मी काही करत नाही गं. निघताना जो तो 'येतो' म्हणतो. तुम्ही म्हणता तोंडदेखलं, आणि माझं हे घर वेडं, ते खरं मानतं. तू 'जाते' म्हण, सुटशील. सगळे शेवटी तेच म्हणून सुटले."

'जाते'? अरे देवा! निघताना असं कुणी म्हणतं का? किती अभद्र ते! त्यात लेक बाळंतपणाला टेकलेली. पण अनसाक्का करते काय! डोळे मिटून म्हणणारच होती, तेवढ्यात तिचं लक्ष बाबांकडे गेलं. त्यांचा चेहरा एवढासा झाला होता. तिच्या ध्यानात आलं, इतकी माणसं इथे जेवली, निजली, पण एकाच्याही तोंडून निघालं नाही, की बाबा, तुम्हीही या आमच्याकडे.

मग तिने पदराने डोळे पुसले. "मी येतही नाही नि जातही नाही. बाबा, तुम्हीच चला! रेवतीच्या बाळाला आजोबा नाही. मांडीवर घ्यायला वडीलधारं कुणीतरी हवंच की."

बाबांना खरंच वाटेना. भीत भीत त्यांनी उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं. आणि मग काय झालं, सांगू? घर करकरलं, पायऱ्या पोटाशी घेतल्या, आणि निघालं की तुरुतुरु मागोमाग! आता कसली मुक्कामाची काळजी? ही दोघं थकली की घर खाली बसायचं.

सगळे डोंगर ओलांडून पोचली, तेव्हा रेवतीला कळा सुरू झाल्या होत्या. बिचारी दाराकडे डोळे लावून पडली होती. आईला पाहिलं आणि जी रडायला लागली, की सुईणच ओरडली, "अगं बाई, रडतेस काय, जोर कर!" थोड्याच वेळात ट्यांहा ऐकू आलं. मुलगी झाली! अनसाक्काने तिला पुसलं, गुंडाळलं आणि बाबांच्या मांडीवर ठेवलं. बाळाने बाबांचं बोट जे घट्ट धरलं, ते सोडेचना. बाबांना हलता येईना. आणि हलायचं होतं कुणाला?

मग काय, लेक खूश, आई खूश, आजोबांना तर नात सोडून दुसरं काही सुचेना. आणि ते घर दारातल्या चिंचेखाली पाय पसरून गाढ निजलं. तुम्हीही निजा आता. ए मुक्ते, एक डोळा उघडा दिसतोय मला. मीट तो.